महालातला शनिवारचा खगोल वर्ग : रताळ्यासाठी तरी जाच, पण नोट्स मराठीत पाहिजेत

माझं हुडकेश्वर रोडला मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. कूलर, पंप, मिक्सर, पिठाची चक्की, जे जे फिरतं ते आमच्याकडे येतं. जानेवारी-फेब्रुवारीत आमच्या धंद्यात काम कमी असतं, मार्च लागला की मग जेवायला फुरसत नाही, म्हणून पोरगी म्हणाली बाबा या दोन महिन्यात हा वर्ग लावू या, तिच्या कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज आला होता. ती अकरावी सायन्सला आहे. मी म्हटलं चल.

वर्ग नागपूरच्या महालात, बडकस चौकातून आत गेलं की एका जुन्या वाचनालयाच्या दुसऱ्या माळ्यावर भरतो. पाच शनिवार, संध्याकाळी सहा ते आठ, आणि शेवटी एक रात्र पेंचच्या जंगलाकडे, आकाश पाहायला. मोठ्यांना पंधराशे, विद्यार्थ्यांना आठशे, पेंचचे वेगळे. दर वेळी एकच विषय घेतात आणि तोच पाच शनिवार चालवतात, ही गोष्ट मला आवडली, कारण बाकी ठिकाणी एका दिवसात सूर्यापासून ब्लॅक होलपर्यंत सगळं उरकून टाकतात आणि घरी येईपर्यंत डोक्यात काही राहत नाही. या बॅचचा विषय होता जोरात फिरणारे चुंबकीय श्वेत बटू (म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्यांचे घट्ट गाभे) आणि त्यांच्यातून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी (जागाच ताणत-आकसवत जाणाऱ्या). नाव ऐकून मला वाटलं हे आपल्या डोक्यावरून जाणार. पण फिरणं आणि चुंबक, या दोन गोष्टी तर मी रोज हातात घेऊन बसतो ना, तर त्या धाग्याने मला बरंच समजलं आणि जे समजलं ते इथं लिहून ठेवतो, म्हणजे कोणाला पुढच्या बॅचला जायचं असेल तर अंदाज येईल.

पैसे वसूल झाले तो तिसरा शनिवार, तर त्याच्यापासूनच सांगतो.

महाशिवरात्र जवळ आली होती, बाजारात रताळीच रताळी. सरांनी (रिटायर्ड प्राध्यापक आहेत, कॉलेजात फिजिक्स शिकवायचे) टेबलावर एक मोठी पितळी परात ठेवली, त्यात दोन बोटं पाणी, आणि सोबत एक ड्रिल मशीन आणलं, स्पीड कमीजास्त होणारं. आधी रबरी बॉलला सळई खुपसून ती ड्रिलमध्ये लावली आणि बॉल अर्धा पाण्यात बुडवून फिरवला. पाणी जवळपास शांत. बॉलला चिकटून थोडंसं गोल फिरलं, बस. मग एक लांबट रताळं घेतलं, सळई त्याच्या बरोबर मधोमध आडवी घातली, म्हणजे रताळं पंख्याच्या पात्यासारखं फिरेल असं. ड्रिल सुरू केल्याबरोबर परातीत लाटा, मधातून बाहेर जाणाऱ्या, दोन शेपट्या असलेल्या, गोल वळत वळत काठाला आपटणाऱ्या, पहिल्या रांगेतल्या पोरांच्या वह्या ओल्या झाल्या. तिसऱ्यांदा तेच रताळं, पण सळई त्याच्या लांबीतून घातली, शेंड्यापासून बुडापर्यंत. फिरवलं तर परत पाणी शांत! आणि शेवटी सळई तिरपी घातली, ना लांबीत ना आडवी, तर लाटा परत आल्या.

सर म्हणाले, आता सांगा, तारा कसा फिरला तर लहरी निघतील?

पूर्ण गोल तारा कितीही जोरात फिरला तरी त्याच्यातून गुरुत्वीय लहरी निघत नाहीत. फिरण्याने तो पोटाजवळ फुगला, पण सगळीकडून सारखा फुगला, तरीही नाही, कारण फिरताना बाहेरून पाहणाऱ्याला काही बदललेलं दिसतच नाही. लहर निघायला आकार असा पाहिजे की फिरताना तो बदलत राहील. आणि इथं चुंबक कामाला येतं, कारण ताऱ्याच्या आतलं चुंबकीय क्षेत्र एवढं दांडगं असू शकतं की ते त्या ताऱ्याला स्वतःच्या अक्षाच्या दिशेने दाबतं किंवा ताणतं, आणि हा चुंबकाचा अक्ष फिरण्याच्या अक्षापेक्षा तिरपा असला की झालं तिरप्या सळईचं रताळं.

इथं मी हात वर केला. आमच्याकडे कूलरचा पंखा येतो तेव्हा एका पात्यावर चुन्याचा थर जमलेला असतो, बोअरच्या पाण्याने हमखास जमतो, मग वजन एकीकडे जास्त होतं आणि अख्खा कूलर खिडकीत थरथर करतो. म्हणून विचारलं, सर, ताऱ्याच्या एका बाजूला वजन जास्त असलं तर तोही असाच थरथरेल ना, त्याच्यानेच लहरी येत असतील. सरांनी पेन खाली ठेवला आणि म्हणाले, चांगला प्रश्न आहे, पण नाही. "तुमच्या पंख्याला कूलरची बॉडी धरून ठेवते, शाफ्ट बुशमध्ये अडकलेला आहे, म्हणून वजन एकीकडे गेलं की तो बॉडीला ओढतो. ताऱ्याला कोणी धरलेलं आहे का? तो मोकळा आहे. त्याचं वजन कसंही वाटलेलं असो, तो आपल्या वजनाच्या मध्याभोवतीच फिरणार, तो मध्य जागचा हलत नाही. बदलत राहतो तो फक्त आकार." मी तीस वर्षं पंखे बॅलन्स करून राहिलो, पण बॅलन्स बिघडणं आणि आकार फिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

आणखी एक. आडव्या रताळ्याचा अर्धा फेरा झाला की ते परत तसंच दिसतं, म्हणजे एका फेऱ्यात पाण्याला दोन धक्के. ताऱ्याचंही तेच, मुख्य लहरीचे धक्के फेऱ्यांच्या दुप्पट येतात, आणि अक्ष तिरपा असला तर दुपटीची एक आणि फेऱ्यामागे एक, अशा दोन सोबत येतात. हे ऐकून मला मोठ्या मोटरी आठवल्या, तिथं व्हायब्रेशन मीटर लावतात तेव्हा धक्का फेऱ्यामागे एक आहे की दोन हे पाहूनच ओळखतात की वजन बिघडलं आहे की अलाइनमेंट. लहर कितीची आली आणि तिच्यासोबत दुसरी आली का, यावरून तारा किती तिरपा फिरून राहिला ते सांगता येईल असं सर म्हणाले. न पाहता, फक्त ऐकून. आम्ही मोटर उघडायच्या आधी हेच तर करतो.

सरांनी हेही बजावलं की परातीतली लाट आणि ही लहर यांच्यात फक्त साम्य आहे, गुरुत्वीय लहर कशावरून जात नाही, ती जागाच ताणते आणि आकसवते आणि प्रकाशाच्या वेगाने जाते. हे ते प्रत्येक उदाहरणानंतर सांगायचे, उदाहरण कुठपर्यंत खरं आणि कुठून नाही. मला ही सवय फार आवडली.

आता पहिल्या दोन शनिवारांचं थोडं सांगतो. पहिला वर्ग पस्तीस मिनिटं उशिरा सुरू झाला, प्रोजेक्टरची वायर कोणाकडे आहे तेच आयोजकांना माहीत नव्हतं. खुर्च्या प्लास्टिकच्या, कमरेचा त्रास असणाऱ्यांनी उशी न्या. पण विषय सुरू झाला आणि मग कोणी उठलं नाही.

श्वेत बटू म्हणजे सूर्यासारखा तारा जळून संपला की मागे उरलेला गाभा. वजन सूर्याच्या आसपास आणि आकार आपल्या पृथ्वीएवढा. म्हणजे एवढा घट्ट की त्याच्यातला चहाचा एक चमचा माल उचलायला आपल्याला ट्रक लागेल, पाच टनाच्या घरात भरेल. आत इंधन जळणं बंद झालेलं असतं, तरी तो ढासळत नाही, कारण इलेक्ट्रॉन एका मर्यादेपलीकडे एकमेकांजवळ दाबले जात नाहीत, त्यांचाच दाब त्याला धरून ठेवतो. पण या दाबालाही शेवट आहे. सूर्याच्या १.४ पट वजनाच्या वर गेलं की तोही हरतो. हीच ती चंद्रशेखर मर्यादा. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३० साली बोटीने इंग्लंडला शिकायला निघाले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते आणि त्या प्रवासातच त्यांनी हे गणित मांडायला घेतलं. १९३५ साली एडिंग्टनसारख्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाने भर सभेत ते धुडकावलं. नोबेल मिळायला १९८३ उजाडलं. आणि हे माहीत आहे का, त्यांचे काका म्हणजे सी. व्ही. रामन, आणि रामन १९१०च्या सुमारास सरकारी नोकरीत आपल्या नागपुरात होते! गांधीसागरजवळच्या रामन विज्ञान केंद्रात मी पोरीला लहानपणी पाच-सहा वेळा नेलं असेल, पण ते स्वतः या गावात राहून गेले हे मला पहिल्यांदाच कळलं.

दुसरा शनिवार चुंबकाचा. सरांनी फळ्यावर आकडे लिहिले, गॉसमध्ये, म्हणजे चुंबकाची ताकद मोजायच्या मापात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास. दवाखान्यातली नेहमीची एमआरआय मशीन १५ हजार गॉस. मी मागून सांगितलं की आमच्या मोटरमध्ये रोटर आणि स्टेटरच्या गॅपमध्ये पाच-सात हजार गॉस असतं, तर त्यांनी तेही फळ्यावर लिहिलं. आणि श्वेत बटूंच्या पृष्ठभागावर १०० कोटी गॉसपर्यंत मोजलेलं आहे. आत तर याच्याही लाख पट असू शकतं असं काही गणितं सांगतात, पण आतलं कोणी मोजलेलं नाही, हे सरांनी लगेच जोडलं.

मग त्यांनी दोन चित्रं काढली आणि मला तर आपल्या दुकानातच बसल्यासारखं वाटलं. एक चित्र साध्या कॉइलसारखं, क्षेत्र एका टोकातून बाहेर निघतं आणि दुसऱ्या टोकातून आत जातं. असं क्षेत्र ताऱ्याला चपटा करतं, संत्र्यासारखा. दुसरं चित्र टोरॉइडचं, क्षेत्र आतल्या आत कड्यासारखं गोल फिरतं, बाहेर काही दिसतच नाही. स्टॅबिलायझरमध्ये टोरॉइड असतो ना, मेदूवड्यासारखा गोल कोअर आणि त्याच्यावर तार, त्याचं क्षेत्र असंच कोअरच्या आत कोंडलेलं असतं, बाहेर खिळासुद्धा ओढला जात नाही. असं क्षेत्र ताऱ्याच्या कमरेला पट्टा आवळल्यासारखं आवळतं आणि तारा लांबट होतो, रताळ्यासारखा. म्हणजे बाहेरून दुर्बिणीत पाहिलं तर चुंबक कमजोर दिसेल आणि आत कडं दांडगं असू शकेल. ते आतलं कडं जाणून घ्यायचा चांगला रस्ता म्हणजे ताऱ्याचा आकार, आणि त्या आकाराची खबर आणते गुरुत्वीय लहर. मला वाटतं या सगळ्या वर्गाचं सार इथंच आहे. डोळ्याला न दिसणारं वाइंडिंग ओळखायची ही पद्धत आहे.

या शास्त्रज्ञांना याची एवढी गरज का पडली, तर २००३ साली एक सुपरनोवा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, सापडला, आणि त्याच्या उजेडाचा हिशोब केला तर फुटलेल्या श्वेत बटूचं वजन सूर्याच्या दुपटीच्या जवळपास निघत होतं. मर्यादा तर १.४ ची! नंतर असे अजून काही सापडले. मग बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले बनिब्रत मुखोपाध्याय आणि उपासना दास यांनी २०१३ साली मांडलं की आत खूप जोरदार चुंबकीय क्षेत्र असेल तर मर्यादा सूर्याच्या २.५८ पटीपर्यंत जाऊ शकते. यावर वाद झाला, बाकी शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले की एवढं क्षेत्र घेऊन तारा टिकेल का. सरांनी दोन्ही बाजू सारख्याच वेळ देऊन सांगितल्या आणि आपलं मत शेवटपर्यंत लादलं नाही. पोरीने विचारलं की सर मग खरं काय, तर म्हणाले, अशा एका ताऱ्याची लहर ऐकू आली तर कळेल, म्हणून तर हा विषय घेतला.

आता तक्रारीची गोष्ट. चौथा शनिवार ऐनवेळी रविवारवर ढकलला आणि मेसेज फक्त एका ग्रुपवर टाकला, त्या ग्रुपात आम्ही अर्धे लोक नव्हतोच. मी दुकान अर्ध्यात बंद करून हुडकेश्वरहून पोरीला घेऊन पोचलो तर खाली कुलूप. आमच्यासोबत एक आजी होत्या, कामठीहून बस बदलून आलेल्या, नातवाला घेऊन. त्या पायरीवर बसून राहिल्या, कोणी फोन उचलेना. हे बरोबर नाही. फोन नंबर सगळ्यांचे फॉर्मवर घेतलेच आहेत तर एक-एक एसएमएस टाकायला काय लागतं. दुसऱ्या दिवशी आयोजकांनी माफी मागितली, ते खरं, पण त्या आजी रविवारी आल्या नाहीत, म्हणजे त्यांचा वर्ग गेलाच.

आणि नोट्स. वर्ग सगळा मराठीत, सर एवढं सुंदर मराठीत समजावतात, आणि पीडीएफ येते ती अख्खी इंग्रजीत. वर्गातले निदान अर्धे लोक माझ्यासारखे मराठी शाळेतले होते. पोरगी रात्री जेवण झाल्यावर मला वाचून सांगायची म्हणून माझं निभावलं. पंधराशे रुपये घेता तर चार पानं मराठीत द्या ना. मी हे त्यांच्या वहीत लिहूनही आलो आहे.

तो रविवारचा चौथा वर्ग मात्र जबरदस्त झाला. लहरी पकडायच्या कशा. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो नावाच्या यंत्राने पहिल्यांदा गुरुत्वीय लहर पकडली, दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली त्याची. चार-चार किलोमीटरचे दोन हात, त्यात लेसर, आणि लहर गेली तेव्हा त्या चार किलोमीटरमध्ये फरक पडला तो प्रोटॉनच्याही कित्येक शेकडा पट लहान. हे वाचताना नुसता आकडा वाटतो. सरांनी आम्हाला सांगितलं की आता सगळे एक मिनिट गप्प बसा, आणि पाण्याने भरलेली तीच परात टेबलावर ठेवून तिच्यावर लेसर मारला, ठिपका छतावर. खालून रस्त्यावरून सिटी बस गेली तर ठिपका नाचायला लागला. कोणी खुर्ची सरकवली, ठिपका नाचला. माझ्या पोरीने श्वास सोडला तरी हलल्यासारखा वाटला. मग कळतं की लायगोसारखं यंत्र शहरात का बसवत नाहीत.

आपलं लायगो-इंडिया हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला होऊन राहिलं आहे, २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटींना मंजुरी दिली. महाशिवरात्रीला जिथं यात्रा भरते तेच औंढा. पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेचे लोक यात आहेत, आणि संजीव धुरंधरांनी तर ही लहर गोंधळातून वेगळी कशी काढायची त्याच्या पद्धतीवर तिथं कितीतरी वर्षं आधीपासून काम केलेलं आहे. हे ऐकून वर्गात सगळे जरा ताठ बसले.

पण मग सरांनी स्पष्ट सांगितलं की औंढ्याच्या यंत्राला श्वेत बटूची लहर ऐकू येणार नाही. का? तर वेगामुळे. माझा कूलरचा पंखा मिनिटाला १४०० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला तेवीस. लायगोला साधारण सेकंदाला दहा-वीस धक्क्यांच्या वरचंच ऐकू येतं. श्वेत बटू एवढ्या जोरात फिरूच शकत नाही, फुटून जाईल. सूर्याएवढ्या वजनाचा असेल तर आठ-दहा सेकंदाला एक फेरा ही त्याची हद्द, फार जड आणि म्हणून फार लहान असेल तर सेकंद-दीड सेकंद. आतापर्यंत पक्का मोजलेला सगळ्यात वेगवान श्वेत बटू २४.९ सेकंदाला एक फेरा मारतो. एवढ्या सावकाश धक्क्यांच्या पट्ट्यात जमिनीची स्वतःची थरथर आणि आजूबाजूच्या मातीच्या, हवेच्या वजनाची हालचालच सगळं झाकून टाकते, मग यंत्र कितीही चांगलं बांधा. म्हणून यासाठी आकाशात जावं लागतं. युरोपची लिसा नावाची मोहीम आहे, तीन यानं, एकमेकांपासून २५ लाख किलोमीटरवर, त्रिकोण करून सूर्याभोवती फिरणार. जानेवारी २०२४ मध्ये तिला पक्की मंजुरी मिळाली, २०३५च्या सुमारास सोडायचं ठरलं आहे. जपानवाल्यांचा डेसिगो नावाचा प्रस्ताव आहे, तो बरोबर लायगो आणि लिसाच्या मधल्या पट्ट्यासाठी, आणि जोरात फिरणारे जड श्वेत बटू त्याच पट्ट्यात येतात.

आणि लहर एवढी बारीक असली तर ऐकणार कशी, तर ही कृष्णविवरांसारखी एकदा धाडकन होऊन संपणारी नाही, ही सतत चालू असते, वर्षानुवर्षं एकाच सुरात. मग ऐकत राहायचं आणि जोडत राहायचं. चौपट वेळ ऐकलं की दुप्पट स्पष्ट होते. हा हिशोब मला पटला, कारण बेअरिंगचा बारीक आवाज असला की मीही मोटर पाच मिनिटं चालू ठेवून स्क्रूड्रायव्हर कानाला लावून बसतो, पहिल्या सेकंदात काही कळत नसतं.

पाचव्या वर्गात खरे तारे. वृश्चिकेत एआर स्कॉर्पिआय आहे, ३८० प्रकाशवर्षांच्या आसपास, ११७ सेकंदाला एक फेरा, आणि त्याचा चुंबकीय झोत शेजारच्या तांबड्या ताऱ्याला झोडपत जातो तसा अख्खा जोडा दर दोन मिनिटांनी उजळतो. २०१६ साली हे जाहीर झालं, आणि याची पहिली चाहूल हौशी आकाश निरीक्षकांना लागली होती, हे ऐकून मागच्या बाकावरची पोरं एकदम सावरून बसली. दुसरा एक आहे, २०२१ मध्ये जाहीर झालेला, चंद्रापेक्षा थोडासाच मोठा आणि वजन सूर्याच्या १.३ पटीच्या वर, सात मिनिटांना एक फेरा, आणि चुंबक ६० ते ९० कोटी गॉस. दोन श्वेत बटू एकमेकांत मिसळून तो झाला असावा. काही दुसऱ्या पद्धतीने वेग घेतात, शेजारच्या ताऱ्याचा गॅस ओढून घेत घेत, जसं झोक्याला दर वेळी ढकला दिला की तो वाढत जातो.

पण यातला कोणीही अजून लहरीत ऐकू आलेला नाही. एकही नाही. आणि यात एक मोठी अडचण आहे जी सरांनी शेवटच्या अर्ध्या तासात सांगितली आणि मला घरी येईपर्यंत तीच डोक्यात. जे चुंबक ताऱ्याला रताळं बनवतं आणि लहर काढायला लावतं, तेच चुंबक फिरता फिरता ऊर्जा बाहेर फेकतं आणि ताऱ्याला ब्रेक लावतं. चुंबक जेवढं जोरदार, तेवढा ब्रेक जोरदार, आणि तिरपा अक्षही हळूहळू सरळ होत जातो. म्हणजे जो सगळ्यात मोठ्याने बोलू शकतो तोच सगळ्यात लवकर गप्प होतो. आम्ही मोटर लवकर थांबवायची असली की तिला डीसी देतो, आत स्थिर चुंबक तयार होतं आणि रोटर लगेच दमतो. प्रकार वेगळा आहे, सरांनी तसं सांगितलंही, पण मला ते पाहिलेलं असल्यामुळे समजायला एक क्षण लागला नाही. मग आकाशात अशी योग्य वेळ साधलेला तारा सापडणं हे नशिबावर, आणि म्हणूनच लिसा आणि डेसिगोच्या लोकांना आधीपासून हिशोब करून ठेवावा लागतो.

पेंचच्या रात्रीचं. माणशी नऊशे, बस आणि जेवण धरून. महाशिवरात्रीच्या आदल्या शनिवारी, म्हणजे चंद्राचा त्रास नाही. पेंच २०२४ पासून देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क आहे, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, आणि नागपूरच्या छतावरून आपण जे आकाश पाहतो त्याच्याशी याची तुलनाच नाही. मनसर सोडल्यावर बसमधले लाइट बंद केले आणि सगळे एकदम गप्प झाले. सिल्लारीकडे उतरलो, थंडी चांगलीच, स्वेटर असूनही कान गार. तीस माणसांना एकच आठ इंची दुर्बीण होती, प्रत्येकाला चाळीसेक सेकंद मिळाले, हे कमी आहे, नऊशे रुपयात दोन तरी पाहिजे होत्या. पोरं मात्र शहाणी, म्हाताऱ्यांना आधी पाहू दिलं.

सरांनी आधी व्याध दाखवला आणि सांगितलं की त्याच्या कुशीत एक श्वेत बटू आहे, १८६२ मध्ये सापडलेला, पण व्याधाच्या झगमगाटात तो आपल्याला दिसणार नाही. मग दुर्बीण मृगाच्या थोडी पश्चिमेला नेली. ४० एरिडनी. मी डोळा लावला. आधी एक नारंगी तारा दिसला, स्वच्छ. त्याच्या बाजूला काही नाही. सर म्हणाले थेट पाहू नका, थोडं कडेला पाहा. कडेला पाहिलं आणि आला, फिका पांढरा ठिपका, राखेतल्या पांढऱ्या कणाएवढा. तोच श्वेत बटू. साडेसोळा प्रकाशवर्षांच्या आत. एवढं सगळं पाच आठवडे ऐकलं, चमचाभर म्हणजे पाच टन, इलेक्ट्रॉनचा दाब, चंद्रशेखर, आणि तो असा समोर होता. माझ्यामागे पोरगी उभी, तिला जागा दिली, ती म्हणाली बाबा हा उजेड निघाला तेव्हा मी पाळण्यात होते. हा काही जोरात फिरणारा किंवा मोठा चुंबकवाला नाही, सरांनी आधीच सांगितलं होतं. तरी ती चाळीस सेकंद मला पुरली नाहीत, मी परत रांगेत लागलो.

तर जावं का? हव, जावं. बारावीच्या पोरांनी, आयटीआयवाल्यांनी, आणि माझ्यासारख्या हाताने काम करणाऱ्यांनी तर नक्की, कारण सर तुमच्या कामातून विषयात घेऊन जातात, विषय तुमच्यावर फेकत नाहीत. आठवी-नववीच्या खालच्या पोरांना दोन तास जड होईल. गाडी चौकात लावायला जागा मिळत नाही, मेट्रोने अग्रसेन चौकाला उतरून ऑटो केलेला बरा. आणि फॉर्म भरताना ग्रुपमध्ये नाव टाकलं की नाही हे स्वतः विचारून घ्या, नाहीतर कुलूप पाहून परत यावं लागेल. शिकवण्याला पाचपैकी पाच, व्यवस्थेला अडीच.

पुढची बॅच पावसाळ्यानंतर आहे म्हणतात. सरांना मी म्हटलं, दुसऱ्या शनिवारचं टोरॉइडचं चित्र फळ्यावर काढण्यापेक्षा हातात देऊ ना. एका जळलेल्या सर्व्हो स्टॅबिलायझरचा कोअर पडला होता दुकानात, तो साफ करून त्याच्यावर नवीन तार गुंडाळून राहिलो, सोबत एक साधी लांब कॉइल, दोन्हींना एकच बॅटरी, जवळ होकायंत्र ठेवलं की एकीकडे सुई वळेल आणि दुसरीकडे जवळपास हलणार नाही. पोरगी मराठीत चिठ्ठ्या लिहून राहिली, कोणतं चित्र कोणत्या कॉइलचं ते. साडेतीनशे टर्न झाले, दीडशे बाकी आहेत.